जबड्यातला खुंटा : दाताचे इम्प्लांट, लोड आणि जिवंत हाड

मेकॅनिकलच्या वर्गात 'लोड' हा शब्द दिवसातून निदान पन्नास वेळा कानावर पडतो. सबमिशनचा लोड वेगळा, बॅकलॉगचा लोड वेगळा आणि फळ्यावर सर बाण काढून दाखवतात तो पॉइंट लोड आणखी वेगळा! पण मित्रमैत्रिणींनो, आपण ज्या बीमचे प्रॉब्लेम सोडवतो तो बीम निर्जीव असतो. लोखंडावर लोड दिला तर ते वाकते, तुटते, नाहीतर फटीगने दमते. लोड दिला म्हणून लोखंड जाड झाले, किंवा लोड काढला म्हणून ते हळूहळू विरघळून गेले, असे कुठल्याही स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पुस्तकात सापडणार नाही.

असे वागणारे एक मटेरियल मात्र आहे आणि ते तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या अंगात आहे. ते म्हणजे हाड. या हाडात टायटॅनियमचा एक स्क्रू बसवला, त्यावर दात लावला आणि त्या दाताने आपण भाकरी, चणे, सुपारी चावू लागलो, तर आजूबाजूच्या हाडाचे काय होते? या लेखाचा विषय एवढाच. विषय डेंटलचा वाटेल, पण आत शिरल्यावर तो निम्मा आपलाच निघतो. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'प्रतिबल' आणि 'विकृती' असले शब्द मला कठीणच जातात. मी सरळ स्ट्रेस आणि स्ट्रेन म्हणणार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

दात गेला की हाडही जाते

आमच्या घरी माझ्या मोठ्या आईच्या, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोच्या, खालच्या जबड्याच्या सगळ्या दाढा बारा वर्षांपूर्वी निघाल्या. तिने कवळी लावली. सुरुवातीला ती घट्ट बसायची. मग सैल झाली, नवी केली, तीही सैल झाली. आता जेवताना ती कवळी काढून वाटीत ठेवते आणि वरण-भात कालवून खाते. दात खाण्यासाठी लावायचे आणि खाताना काढून ठेवायचे! आम्ही हसतो, तीही हसते. पण चणे, भाजलेला मक्का, उसाचे कांडे या गोष्टी तिच्या आयुष्यातून कायमच्या गेल्या.

कवळी सैल होण्याचे कारण कवळीत नसते, खालच्या हाडात असते. दाताचे मूळ हाडात असते तोवर प्रत्येक घासाला त्या हाडाला थोडा थोडा लोड मिळत राहतो. मूळ निघाले की लोड बंद. दात काढल्यानंतर पहिल्या एका वर्षातच त्या जागेच्या हाडाची रुंदी साधारण निम्म्याने कमी होऊ शकते, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. कवळी हाडाच्या आत लोड देतच नाही, ती वरून हिरडीवर दाबते. असा वरवरचा दाब हाडाला वाढवत नाही, उलट झिजवतो. म्हणून कवळी बदलत राहते आणि हाड खाली खाली जात राहते.

हाडाला आतून लोड द्यायचा असेल तर आत काहीतरी रोवायला हवे. ते 'काहीतरी' म्हणजे इम्प्लांट.

सशाच्या पायात अडकलेले टायटॅनियम

१९५० च्या दशकात स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची एक छोटी डबी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर डबी काढायला गेले तर ती निघेना! हाड टायटॅनियमला असे काही चिकटून वाढले होते की दोन्ही वेगळे होत नव्हते. टायटॅनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बनतो आणि शरीर त्या थराला परके मानत नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण. हाड आणि धातू यांच्या या थेट जोडणीला 'ऑसिओइंटिग्रेशन' म्हणतात.

१९६५ मध्ये गोस्ता लार्सन या रुग्णाच्या जबड्यात ब्रोनेमार्क यांनी पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ते त्या इम्प्लांटवर जेवत होते. मशीनच्या कुठल्या पार्टला आपण चाळीस वर्षांची गॅरंटी देतो, सांगा बरं!

आजचे इम्प्लांट साधारण ४ मिलिमीटर जाड आणि १० मिलिमीटर लांब असते. त्यावर मधला जोड म्हणजे अबटमेंट, आणि त्यावर क्राउन, म्हणजे दिसणारा दात. आपल्या भाषेत सांगायचे तर जमिनीत रोवलेला खांब, त्यावर फ्लँज आणि त्यावर मशीन.

क्रेनचा इंजिनिअर आणि मांडीचे हाड

हाड लोडप्रमाणे बदलते, हे कळण्यात एका इंजिनिअरचा मोठा हात आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. १८६० च्या दशकात झुरिचमध्ये हेर्मान फॉन मायर हे शरीररचनेचे प्राध्यापक मांडीच्या हाडाचे उभे काप दाखवत होते. आतल्या जाळीदार हाडाच्या रेषा कमानीसारख्या एका विशिष्ट वळणाने गेल्या होत्या. तिथे कार्ल कुलमान हे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. त्यांना त्या रेषा बघताच वाकड्या मानेच्या क्रेनमधल्या प्रिन्सिपल स्ट्रेसच्या रेषा आठवल्या. कॅन्टिलिव्हर क्रेनमध्ये जिथे दाब आणि जिथे ताण, त्याच वाटेने हाडाच्या काड्या रचलेल्या!

पुढे बर्लिनचे सर्जन युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये यावर पुस्तक लिहिले. हाडावरचा लोड बदलला की हाडाची आतली आणि बाहेरची रचना बदलते, असे त्यांनी मांडले. आज याला वोल्फचा नियम म्हणतात. क्रेन आणि हाड यांचे गणित तंतोतंत जुळत नाही असे नंतर अनेकांनी दाखवले, पण मूळ मुद्दा टिकला. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता अंतराळात महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. लोड नाही तर हाड नाही!

हाडाला कळते तरी कसे?

हाडाच्या आत ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी बंद खोल्यांत बसलेल्या असतात. या खोल्या केसापेक्षाही बारीक नाल्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि नाल्यांत पाणी भरलेले असते. हाड किंचित वाकले की पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकते, जसे बांधीच्या एका कोपऱ्यात पाय दिला की चिखलातले पाणी दुसरीकडे निघते. त्या सरकण्याचा शिअर पेशीला जाणवतो आणि ती निरोप पाठवते.

निरोप दोन गँगना जातो. एक खोदणारी गँग, ऑस्टिओक्लास्ट. दुसरी भरणारी गँग, ऑस्टिओब्लास्ट. जुने, भेगाळलेले हाड खोदायला पहिलीला साधारण तीन आठवडे लागतात. तीच जागा नव्या हाडाने भरायला दुसरीला तीन ते चार महिने लागतात. रस्त्याच्या कामासारखेच आहे हे : खड्डा लवकर होतो, डांबर उशिरा येते! हा वेळेतला फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गंमत. पेशीला कळतो तो बदलता लोड. एकसारखा, स्थिर दाब दिला तर पाणी एकदा सरकून थांबते, निरोपही थांबतो. त्यामुळे थोडे थोडे चावणे हाडाला आवडते, सतत दाबून धरणे आवडत नाही.

राइस मिलचा रबर रोल आणि फ्रॉस्टची खिडकी

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण धान दोन्हीकडे तेच. आमगावला माझ्या मामाजींची छोटी राइस मिल आहे. मिलमध्ये धानाचे टरफल काढायला दोन रबर रोल वेगवेगळ्या वेगाने फिरतात. रोलमधली फट जास्त ठेवली तर धान तसेच खाली पडते. फट फार कमी केली तर तांदूळ तुटून कनकी होते. मधल्या एका फटीतच चांगला तांदूळ निघतो.

हाडाचेही असेच आहे. अमेरिकेतले डॉक्टर हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी १९८७ मध्ये याला 'मेकॅनोस्टॅट' म्हटले, म्हणजे थर्मोस्टॅटचा भाऊ. त्यांचे माप मायक्रोस्ट्रेनमध्ये आहे. १००० मायक्रोस्ट्रेन म्हणजे एक मीटरची दांडी एक मिलिमीटरने ताणली किंवा दबली. फ्रॉस्ट यांचे ढोबळ आकडे असे :

१०० मायक्रोस्ट्रेनच्या खाली : हाडाला वाटते आपले काम नाही, ते कमी होऊ लागते.
१०० ते १५०० : रोजचे काम, जितके जाते तितके भरते.
१५०० ते ३००० : हाड स्वतःला मजबूत करू लागते.
३००० च्या वर सतत : बारीक भेगा पडण्याचा वेग दुरुस्तीच्या वेगापेक्षा जास्त होतो.
२५,००० च्या आसपास : हाड मोडते.

हे आकडे हातापायांच्या लांब हाडांच्या अभ्यासातून आले आहेत, त्यामुळे जबड्यासाठी ते काटेकोर धरायचे नाहीत. पण अंदाज येतो. बाहेरच्या घट्ट हाडाचा यंग्ज मॉड्युलस १५ गिगापास्कल धरला तर ३००० मायक्रोस्ट्रेन म्हणजे ४५ मेगापास्कल स्ट्रेस. मोडण्याच्या मर्यादेपेक्षा हे कितीतरी कमी आहे! म्हणजे हाड एका फटक्यात मोडत नाही, ते दुरुस्तीच्या शर्यतीत हरते.

शॉक अब्सॉर्बर काढलेली गाडी

खऱ्या दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. मध्ये साधारण ०.२ मिलिमीटरचा एक पडदा असतो, पेरिओडॉन्टल लिगामेंट. तो स्प्रिंगही आहे, डॅम्परही आहे आणि सेन्सरही आहे. चावताना खरा दात २५ ते १०० मायक्रॉन खाली दबतो. इम्प्लांट दबते ३ ते ५ मायक्रॉन, कारण त्याच्याभोवती पडदाच नाही. गाडी तीच, रस्ता तोच, पण शॉक अब्सॉर्बर काढून टाकलेले!

म्हणून चांगले डॉक्टर इम्प्लांटवरचा दात बसवताना रंगीत कागद चावायला देतात आणि पुन्हा पुन्हा घासतात. हलके चावले असता इम्प्लांटचा दात शेजारच्या दातांपेक्षा किंचित कमी लागला पाहिजे. जोरात चावले की खरे दात दबतात आणि मग सगळे सारखे लागतात. हे काम केले नाही तर शेजारचे दात स्प्रिंगवर खाली जातात आणि सगळा भार एकट्या इम्प्लांटवर येतो.

दुसरा फरक सेन्सरचा. भातात खडा आला तर खऱ्या दाताला तो लगेच कळतो आणि जबडा आपोआप उघडतो. इम्प्लांटला हे उशिरा आणि कमी कळते. मिलमध्ये डी-स्टोनर असतात, तरी पंगतीतल्या भातात एखादा खडा निघतोच.

खुंटा सैल कुठून होतो?

आता खरे इंजिनिअरिंग. गोठ्यात बैल बांधायचा खुंटा आठवा. वरून कितीही ठोका, तो आणखी घट्ट होतो. पण बैलाने आडवे हिसके दिले की तो सैल होतो, आणि सैल होताना माती आधी वरच्या तोंडाशी उकरली जाते, फनेलसारखी. इम्प्लांटभोवतीचे हाडही बहुतेक वेळा वरच्या काठापासूनच, बशीच्या आकारात कमी होते.

हाताने गणित करू. ४ मिलिमीटर व्यासाचा भरीव दांडा धरा. सरळ खाली २०० न्यूटन लोड दिला. क्षेत्रफळ १२.५७ चौरस मिलिमीटर, म्हणजे स्ट्रेस सुमारे १६ मेगापास्कल. आता फक्त ५० न्यूटन, पण आडवा, हाडाच्या काठापासून ८ मिलिमीटर उंचीवर. मोमेंट ४०० न्यूटन-मिलिमीटर, सेक्शन मॉड्युलस ६.२८ घन मिलिमीटर, आणि बेंडिंग स्ट्रेस सुमारे ६४ मेगापास्कल. लोड चौथा हिस्सा, स्ट्रेस चौपट!

हा स्ट्रेस धातूतला आहे, हाडातला नाही. खरे इम्प्लांट आतून पोकळही असते. टायटॅनियमला ६४ मेगापास्कलचे काही वाटत नाही. पण तो मोमेंट शेवटी हाडानेच पेलायचा असतो, आणि टायटॅनियमचा मॉड्युलस सुमारे ११० गिगापास्कल म्हणजे घट्ट हाडाच्या सातपट. कडक दांडा मऊ जमिनीत रोवला आणि वरून वाकवला तर पहिल्या घट्ट थराशी, म्हणजे काठाशीच, स्ट्रेस गोळा होतो. फायनाइट एलिमेंट मॉडेलमध्येही लाल रंग बहुतेक तिथेच दिसतो. हाड दाबात सगळ्यात मजबूत, ताणात त्याहून कमी आणि शिअरमध्ये सगळ्यात कमजोर. आडव्या लोडने काठावर एका बाजूला दाब आणि दुसऱ्या बाजूला ताण येतो, सोबत शिअरही.

यावरून डिझाइनच्या चार गोष्टी निघतात. एक, व्यास. ४ चा ५ मिलिमीटर केला तर सेक्शन मॉड्युलस जवळजवळ दुप्पट होतो, कारण तिथे व्यासाचा घन आहे. त्यामानाने लांबी वाढवून काठावरचा स्ट्रेस फारसा उतरत नाही. दोन, क्राउनची उंची. जितका उंच दात, तितका लांब लिव्हर. तीन, बाहेर लटकणारा दात. पैसे वाचवायला दोन इम्प्लांटवर तीन दात लावून तिसरा अधांतरी ठेवला, तर तो बोरिंगच्या दांड्यासारखा काम करतो. चार, आट्यांचा आकार. चौकोनी किंवा आधारासाठी आडव्या काढलेल्या आट्या शिअरचे रूपांतर दाबात करतात.

जमीनही सगळीकडे सारखी नसते. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाचे हाड सागवानासारखे घट्ट, तर वरच्या जबड्याच्या मागचे सावरीच्या लाकडासारखे हलके. तोच खुंटा, तोच हिसका, पण निकाल वेगळा.

"चार महिने कायले थांबाचं?"

मामाजींची खालची दाढ निघाली. गोंदियाहून रेल्वेने नागपूरला जाऊन त्यांनी इम्प्लांट बसवून घेतले. डॉक्टरांनी सांगितले, क्राउन चार महिन्यांनी. मामाजी वैतागले. "पोरी, एका दाताच्या पैशात माह्या मिलचे किती रबर रोल येतेत! आन् वरून चार महिने कायले थांबाचं? स्क्रू तर घट्ट बसला ना?"

प्रश्न बरोबर आहे, कारण स्क्रू खरोखरच घट्ट बसलेला असतो. पण तो घट्टपणा दोन प्रकारचा. पहिल्या दिवशीचा घट्टपणा निव्वळ मेकॅनिकल असतो, लाकडात स्क्रू पिळल्यासारखा. ड्रिल करताना काठाचे हाड थोडे दुखावते. म्हणूनच वर्कशॉपमधल्या कूलंटसारखे सलाइनचे पाणी सोडत ड्रिल करतात, कारण ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिले तरी हाड मरू शकते. हे दुखावलेले हाड खोदणारी गँग आधी काढते, आणि भरणारी गँग मागून येते. त्यामुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इम्प्लांटची पकड पहिल्या दिवसापेक्षा कमी असते! बाहेरून जखम भरलेली दिसते, दुखत नाही, आणि माणसाला वाटते सगळे ठीक आहे. धोका तेव्हाच सर्वांत जास्त.

या काळात इम्प्लांट १०० ते १५० मायक्रॉनपेक्षा जास्त हलत राहिले तर आजूबाजूला हाडाऐवजी मऊ तंतूंची पिशवी तयार होते. वहीचा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. कागदभर हलणे म्हणजे कायमचे अपयश! त्याहून कमी, अगदी बारीक हालचाल मात्र हाड चालवून घेते. त्यामुळे आजकाल काही रुग्णांत, पकड आणि हाड चांगले असेल तर, त्याच दिवशीही दात लावतात. पण तो निर्णय टॉर्क मोजून आणि लोड सांभाळून डॉक्टर घेतात. ब्रोनेमार्क यांची मूळ पद्धत खालच्या जबड्याला तीन-चार महिने आणि वरच्याला सहा महिने थांबण्याची होती.

मी मामाजींना विचारले, "खांब रोवला, काँक्रीट ओलं आहे, आणि लाइनमननी त्याच दिवशी तारा ओढल्या तर?" ते म्हणाले, "वाकनच ना!" मग थांबले.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी इम्प्लांटला छोटी खुंटी लावून चुंबकाने तिला कंप दिला आणि मशीनवर आकडा बघितला. हे ऐकून मी खुर्चीतून उठलेच! नॅचरल फ्रीक्वेन्सी म्हणजे के भागिले एमचे वर्गमूळ. आजूबाजूचे हाड कडक झाले, के वाढला, की फ्रीक्वेन्सी वाढते. तिचे १ ते १०० मध्ये रूपांतर करतात. ७० च्या वर चांगले, ६० च्या खाली सांभाळून. व्हायब्रेशनचा पेपर आपल्याला नकोसा वाटतो, पण तोच फॉर्म्युला नागपूरच्या दवाखान्यात मामाजींच्या तोंडात वापरला गेला.

लोडने हाड जाते का? भांडण अजून आहे

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की संशोधकांचे एकमत नाही. १९९६ मध्ये इसिडोर यांनी माकडांवर प्रयोग केला. मुद्दाम उंच, आडवा लोड देणारे दात लावले, तेव्हा आठपैकी पाच इम्प्लांटची हाडाशी असलेली जोड पूर्ण सुटली. उलट २००४ मध्ये हाइट्झ-मेफील्ड आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांमध्ये उंच दात लावून बघितले. हिरड्या निरोगी ठेवल्या होत्या आणि हाड गेले नाही. २००७ च्या आणखी एका प्रयोगात दिसले की हिरडीला सूज नसेल तर जादा लोड हाड निभावते, पण सूज असेल तर तोच लोड हाडाचे नुकसान वाढवतो.

माझ्यासारख्या मुलीला यातून एवढे समजते : लोड एकटा क्वचित गुन्हेगार असतो. जंतू आणि लोड एकत्र आले की खुंट्याभोवतीची माती दोन्हीकडून उकरली जाते. पहिल्या वर्षात काठाचे एक-दीड मिलिमीटर हाड जाणे आणि त्यानंतर वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी जाणे, हे १९८६ पासून यशाचे माप म्हणून वापरले जाते. म्हणजे दरवर्षी एक्स-रे काढून बघायला हवे. मशीन बसवली आणि मेंटेनन्स विसरलो, असे चालणार नाही.

खर्ऱ्याचा हिशोब

आता आपल्या भागातला विषय. पानठेल्यावर प्लॅस्टिकमध्ये घोटलेला खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा घोटणारे हात काही थांबले नाहीत. कॅन्सरबद्दल सगळ्यांनी ऐकले आहे. इम्प्लांटच्या दृष्टीने खर्रा तीन बाजूंनी मारतो. सुपारी कडक, म्हणून लोड जास्त. ती एकाच बाजूने, रगडून चघळली जाते, म्हणून लोड आडवा. आणि तासन्‌तास चालते, म्हणून सायकल जास्त. जेवणाचे दिवसाला हजार चावे धरले तर वर्षाला ३,६५,००० होतात, खर्ऱ्याचे त्यावर वेगळे. वरून तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे भरणाऱ्या गँगला मालच पोहोचत नाही. लोड वाढवला आणि दुरुस्ती बंद केली! सुपारीने तोंड उघडणे कमी झाले असेल, तर इम्प्लांट बसवायला आत ड्रिलसुद्धा जात नाही.

मामाजी म्हणतात, खर्रा सोडला. मामीला विचारले तर ती नुसती हसते. पण क्राउन लागल्यावर पहिला एक्स-रे चांगला आला आहे, एवढे खरे.

मोठ्या आईचा प्रश्न मात्र अवघड आहे. बारा वर्षांत तिच्या खालच्या जबड्याच्या मागचे हाड एवढे उतरले आहे की तिथे खुंटा रोवायला उंचीच उरलेली नाही, खाली नस लागते. डॉक्टरांनी पुढच्या भागात, जिथे हाड अजून घट्ट आहे, तिथे दोन इम्प्लांट रोवून त्यांवर कवळी बटणासारखी अडकवायचा पर्याय सुचवला आहे. दोन इम्प्लांटचा खर्च आणि तिचे वय बघता घरात अजून चर्चा चालू आहे. ती म्हणते, "आता माह्यावर कायले खर्च करता." यावर मी तिला लोडचे, वोल्फचे, सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून विचारले, "मंग चणे खाता येतीन का?" भाजलेले कदाचित नाही, पण भिजवलेले नक्की, असे डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ती 'नको' म्हणत नाही.

जाता जाता

तुमच्या घरी कुणाचा दात काढायचा असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, तो वाचवता येईल का. कारण मूळ टिकले तर हाड टिकते. काढावाच लागला तर पुढे काय करायचे हे त्याच वेळी विचारा, पाच वर्षांनी नाही. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, तिथे सल्ला घेता येतो. इम्प्लांट करणार असाल तर चार प्रश्न विचारा : हाड किती आणि कसे आहे, लोड कधी द्यायचा, चावताना कागद लावून तपासणार का आणि दरवर्षी एक्स-रे कधी. रात्री दात खाण्याची सवय असेल तर तीही सांगा, कारण झोपेतला तो लोड बराच मोठा, आडवा आणि बेहिशेबी असतो.

आणि मेकॅनिकलच्या मित्रमैत्रिणींनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी तेच कन्व्हेयर आणि तेच सोलर ड्रायर करण्यापेक्षा एखादे इम्प्लांट आणि हाडाचा ठोकळा मॉडेल करून बघा. व्यास बदला, आट्या बदला, लोड तिरपा करा आणि लाल रंग कुठे सरकतो ते पाहा. फक्त एक लक्षात ठेवा : तुमच्या मॉडेलमधले हाड सकाळी जसे होते तसेच संध्याकाळी असेल, मोठ्या आईचे तसे नसते.